निवडुंगाच्या माळावर कारखाना, कारखान्याशेजारी बाग : लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

बेळगावात खानापूर रस्त्यानं टिळकवाडी ओलांडली की उद्यमबाग लागते. नावात बाग आहे आणि आत फौंड्र्या, लेथ, मशीन शॉप. रोज हजारो माणसं तिथं कामाला जातात. उद्योग आणि बाग हे दोन शब्द एकाच नावात कसे आले, असा प्रश्न त्यातल्या फार थोड्यांना पडत असेल. पण शंभराहून जास्त वर्षांपूर्वी याच शहरातून एक माणूस आपला कारखाना गुंडाळून बाहेर पडला होता आणि त्यानं हे दोन शब्द खरोखरच एका कुंपणात आणले. तो माणूस म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

नांगर, पंप आणि इंजिन यांमुळं हे नाव घराघरांत पोचलं. मात्र लक्ष्मणरावांनी घडवलेल्या वस्तूंइतकंच महत्त्वाचं होतं ते त्यांनी घडवलेलं गाव. ज्या माळावर निवडुंग आणि नाग यांच्याशिवाय काही नव्हतं, तिथं त्यांनी भट्टी पेटवली आणि भट्टीशेजारी झाडं लावली.

रंग दिसेनात, रेषा दिसल्या

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. म्हणजे कन्नड मुलखातल्या या एका लहान गावानं मराठी माणसाला रंगभूमीही दिली आणि लोखंडी नांगरही. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलानंही पोथ्यापुस्तकांच्या वाटेनं जावं, हे त्या घरात साहजिक होतं. लक्ष्मणरावांचं लक्ष मात्र शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत.

1885 मध्ये ते मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे रामूअण्णा, यांनी पैशांची बाजू सांभाळली. दोनेक वर्षं चित्रकला शिकल्यावर एक अडचण उघड झाली. लक्ष्मणरावांना काही रंगांतला फरक कळत नव्हता. चित्रकाराला याहून मोठी अडचण कुठली? रंगाचं काम सोडावं लागलं. पण रेषा पक्की होती. यंत्रांची रेखाटनं ते उत्तम काढत. त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना यंत्ररेखाटन शिकवण्याची नोकरी मिळाली.

हातात पगार आला आणि डोक्यात धंदा. 1888 मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलींचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे, बेळगावला पाठवायचे आणि रामूअण्णा त्या विकायचे. सायकल ही तेव्हा पैसेवाल्यांची चीज. ती नुसती विकून भागत नसे, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवावं लागे.

मुंबईत लक्ष्मणराव बारा वर्षं राहिले. ही बारा वर्षं मुंबईच्या गिरण्यांच्या भराची. भोंगा झाला की माणसांचे लोंढे गिरणीत शिरायचे आणि सुटले की एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायच्या चाळींकडं वळायचे. धूर, कोंदटपणा, उघडी गटारं. 1896 च्या सप्टेंबरात याच शहरात प्लेग उसळला आणि लोक गावाकडं पळू लागले. कारखाना म्हटला की त्याच्या भोवती असंच असायचं, हे तेव्हा सगळ्यांनी जणू गृहीतच धरलं होतं.

1897 मध्ये लक्ष्मणरावांच्या नोकरीनंही कडू वळण घेतलं. बढतीवर त्यांचा हक्क होता, पण ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाकडं गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

बेळगावातला कारखाना आणि नगरपालिकेची नोटीस

बेळगावात त्यांनी लहानसं वर्कशॉप टाकलं. सायकलीवरून ते शेतीच्या अवजारांकडं वळले. आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. यंत्रविद्येची पदवी नव्हती. परदेशी तांत्रिक मासिकं वाचायची, चित्रं बघायची, स्वतः रेखाटन करायचं आणि करून बघायचं, हीच शाळा.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाचा फाळ लावला की जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत होता. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खालची माती उलटून वर आणतो, हरळीची मुळं उपसतो. हे तोंडानं सांगून कुणाला पटणार? रानात चालवून दाखवावं लागलं. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. पटलं तसं मात्र गिऱ्हाईक वाढत गेलं.

कारखाना कुठं मार्गी लागतोय, तोच बेळगाव नगरपालिकेनं जागा सोडायला सांगितलं. शहराची वाढ करायची होती, ठळकवाडीची नवी वसाहत व्हायची होती. ही ठळकवाडी म्हणजेच पुढची टिळकवाडी. शहराच्या बाजूनं पाहिलं तर वस्तीत फौंड्री नको, हे म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. ओतकामाची भट्टी म्हणजे धूर, ठिणग्या आणि आवाज. पण ज्याचं सगळं भांडवल त्या शेडमध्ये अडकलंय, त्याला ही नोटीस म्हणजे पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखी. यंत्रं होती, माणसं होती, ती ठेवायला जागा नव्हती.

औंधचा राजा आणि कुंडलचा माळ

अशा वेळी मदतीला आले ते एका छोट्या संस्थानाचे राजे. औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी 1909 मध्ये गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार. सूर्यनमस्कार गावोगावी नेणारे राजे म्हणूनही ते ओळखले जातात. पुढं औंधला त्यांनी मोठं संग्रहालय उभं केलं. रंग न ओळखणारा यांत्रिक आणि रंगांत रमणारा राजा, असं हे जोडपं जमलं. लक्ष्मणरावांची अडचण कळल्यावर भवानरावांनी संस्थानात कारखाना काढायला जागा दिली आणि बिनव्याजी कर्जही दिलं.

जागा होती कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळ. 32 एकर माळ. पीक नाही, पाणी नाही, सगळीकडं निवडुंग आणि त्यात नागांची वस्ती. पण लक्ष्मणरावांना त्यात एक गोष्ट दिसली. शेजारून रेल्वे जात होती. कच्चं लोखंड आणि कोळसा येणार, तयार नांगर जाणार. बाकी सगळं हातानं करता येईल, असा त्यांचा हिशोब.

10 मार्च 1910 हा किर्लोस्करवाडीचा जन्मदिवस मानला जातो. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं बेळगाव सोडून या माळावर आली. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार हाती घेतला. शंभोराव जांभेकर यंत्रांकडं पाहायचे. मंगेशराव रेगे हिशोब आणि कचेरी सांभाळायचे. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करायचे आणि मालाची ने-आण बघायचे. शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथंच तयार होऊन नावाजलेले यांत्रिक झाले. रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी तुरुंगवास भोगून आलेली माणसं नेमली आणि त्या माणसांनी विश्वासाला तडा जाऊ दिला नाही.

आधी निवारे तात्पुरते होते. निवडुंग तोडायचा, मुळासकट काढायचा, साप हटवायचे, विहिरीचं पाणी शोधायचं. हे सगळं नांगरांचं काम चालू ठेवून. इतकी ओढाताण असताना कुणीही आधी शेड बांधेल, मग घरं, आणि बागेचा विषय पुढच्या पिढीवर सोडून देईल. लक्ष्मणरावांनी तसं केलं नाही. निवडुंग निघालेल्या जागी झाडं आली, बाग आली. कारखाना, घरं आणि मोकळी हिरवी जागा ही एकाच आराखड्याची तीन अंगं झाली.

भट्टीशेजारी सावली कशाला?

ओतकाम जवळून पाहिलं की ही गरज कळते. लाकडाचा नमुना करायचा, ओलसर वाळूत दाबून साचा तयार करायचा. भट्टीत लोखंड, कोक आणि चुनखडी यांचे थर द्यायचे, खालून हवा फुंकायची. लोखंड वितळलं की ते कढईत घेऊन साच्यात ओतायचं. ही घाई काही मिनिटांची, पण जिवावरची. लोखंड थंड झालं तर साचा वाया, उडालं तर अंग भाजणार. दिवसभर उष्णता, धूळ आणि वाळू. अशा कामावरून सुटलेल्या माणसाला घरी जाऊन नुसतं आडवं पडायचं, एवढंच आयुष्य असेल तर तो कारखान्यात टिकेल किती दिवस आणि तिथं जीव लावेल कशाला?

हा विचार जगात तेव्हा नवा होता, पण अगदी एकाकी नव्हता. इंग्लंडात कॅडबरी बंधूंनी 1879 मध्ये आपला चॉकलेटचा कारखाना बर्मिंगहॅमच्या गर्दीतून बाहेर बॉर्नव्हिलला नेला. तिथं पुढं बागा, खेळाची मैदानं आणि कामगारांची वस्ती झाली. साबणवाल्या लिव्हर बंधूंनी 1888 पासून पोर्ट सनलाइट वसवलं. बेळगावात सायकलचं दुकान निघालं, तेच वर्ष. आपल्याकडं जमशेटजी टाटांनी 1902 मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात पोलादाच्या गावाला रुंद रस्ते, भराभर वाढणारी सावलीची झाडं, हिरवळी, बागा आणि फुटबॉल-हॉकीची मैदानं हवीत, असं बजावलं होतं. जमशेटजी 1904 मध्ये गेले, गाव त्यांच्यामागं झालं. परदेशातल्या अशा वसाहतींची माहिती मासिकांतून लक्ष्मणरावांपर्यंत पोचली होती.

फरक होता तो पैशांचा. कॅडबरी, लिव्हर, टाटा यांच्यामागं मोठी संपत्ती होती. किर्लोस्करांकडं राजाचं कर्ज होतं आणि पंचवीस माणसं. बाग ही श्रीमंत मालकानं फावल्या वेळात करायची हौस नाही, ती कारखान्याच्या पायाभरणीतच धरायची गोष्ट आहे, हे किर्लोस्करवाडीनं गरिबीत दाखवलं. म्हणून तिची गोष्ट वेगळी.

वाडीत शाळा आली, वाचन आलं, खेळ आले, सणसमारंभ आणि नाटकं आली. जातीवरून शिवाशीव पाळायला लक्ष्मणरावांचा विरोध होता आणि त्या काळाच्या मानानं वाडीनं याबाबतीत मोठी मजल मारली. कारखान्याच्या मालाची माहिती देणारं ‘किर्लोस्कर खबर’ 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी याच वाडीतून काढलं. त्याचंच पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. मग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणच्या मराठी वाचकाला ही मासिकं परिचयाची. नांगराच्या कारखान्याच्या अंगणात मराठी मासिकं वाढावीत, याचं आज नवल वाटतं. पण ज्या गावात संध्याकाळ मोकळी असते, तिथं वाचणारे आणि लिहिणारेही तयार होतात.

तोफांचे नांगर

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. नांगराला मागणी होती आणि ओतायला लोखंड नव्हतं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवर पडून असलेल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून किर्लोस्करवाडीत नांगर झाले. युद्धाच्या काळात तोफांचे नांगर करणारा हा कारखाना म्हणूनही लोकांच्या लक्षात राहिला.

1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगरामागून उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं आली आणि मग पंप आले. मोट ओढून थकलेल्या बैलांच्या जागी यंत्रानं पाणी चढू लागलं. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत शिकून 1926 मध्ये परतले आणि पुढची घोडदौड त्यांनी सांभाळली. 1941 मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहरला यंत्रहत्यारांचा कारखाना निघाला. 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळुरात विजेच्या मोटारींचा. पुढं इंदूरजवळ देवासलाही किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना झाला. गुर्लहोसूरच्या पोराचं काम अशा रीतीनं कुठल्याच एका राज्याच्या हद्दीत मावलं नाही.

जी भिंत बागेनं पडली नाही

या गोष्टीचा एक अवघड भागही आहे, आणि तो वगळून लक्ष्मणरावांचं चरित्र पुरं होत नाही. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींचा खून झाला. मारेकरी ब्राह्मण असल्याचं कळताच पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं आणि धंदे यांच्यावर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही त्या आगीतून सुटला नाही. ज्या नांगरांनी आसपासची रानं नांगरली गेली, त्यांच्याच कारखान्याला आग लागली. लक्ष्मणराव तेव्हा 78 वर्षांचे होते.

या आगीला कुठलंही कारण पुरं पडत नाही, आणि खुनाशी काडीचा संबंध नसलेल्यांना शिक्षा देणं हा अन्यायच. पण विचार करण्यासारखी एक गोष्ट उरते. किर्लोस्करवाडीची बाग, मैदान, शाळा ही वाडीतल्यांची होती. वाडीबाहेरच्या खेड्यांतल्या माणसाला ती किती आपली वाटत होती? कारखान्याच्या गावात घर मालकाचं, दिवा मालकाचा आणि बागही मालकाचीच असते. नोकरी गेली की सावलीही जाते. बॉर्नव्हिलपासून जमशेदपूरपर्यंत अशा प्रत्येक गावाला हा प्रश्न विचारला गेला आहे. मालक चांगला असेल तर सगळं चांगलं, हा भरवसा एका माणसाच्या आयुष्यापुरता ठीक. बाग सगळ्यांची व्हायची तर तिच्यावर सगळ्यांचा हक्क लिहून ठेवावा लागतो.

कारखाना पुन्हा उभा राहिला. राखेतून यंत्रं काढून, दुरुस्त करून काम परत सुरू झालं. निवडुंग काढून गाव वसवलेल्या माणसाला नव्यानं सुरुवात करणं नवं नव्हतं. पण म्हातारपणी ते करावं लागणं हे दुःख वेगळंच.

26 सप्टेंबर 1956 रोजी पुण्यात लक्ष्मणरावांचं निधन झालं. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. शंतनुरावांनी पुढं इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच ‘कॅक्टस अँड रोझेस’. निवडुंग आणि गुलाब. वडिलांनी रंग कळत नाहीत म्हणून कुंचला खाली ठेवला होता आणि मुलाला त्यांच्या गावाची आठवण सांगताना फुलाचं नाव घ्यावंसं वाटलं.

आजही तोच प्रश्न

कुंडल रोड स्टेशनाचं नाव किर्लोस्करवाडी झालं. पुणे–मिरज मार्गावर गाडी तिथून जाते. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातलं हे गाव आजही कारखान्याचं गाव म्हणूनच ओळखलं जातं.

मुंबईत मात्र उलटं घडलं. ज्या गिरण्यांच्या सावलीत लक्ष्मणरावांनी तरुणपण काढलं, त्या बंद पडल्यावर त्यांच्या जमिनीचं काय करायचं हा वाद उभा राहिला. 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी विभागणी होती. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती राहिली आणि शहराच्या वाट्याची मैदानं, बागा आक्रसल्या. कारखाना बांधताना जी जागा मोकळी ठेवली नाही, ती नंतर मिळवणं किती कठीण, हे त्या शहरानं अनुभवलं.

बेळगावला ठळकवाडी हवी होती म्हणून फौंड्री हलली. आज त्याच टिळकवाडीपलीकडं उद्यमबागेत फौंड्र्या आहेत आणि शहर पुन्हा त्यांच्या भोवती वाढतंय. वस्ती आणि कारखाना यांना फार काळ वेगळं ठेवता येत नाही. मग त्यांच्यामध्ये काय असावं, एवढंच ठरवायचं उरतं. लक्ष्मणरावांनी 1910 मध्ये तिथं झाडं लावली होती. हातात पैसा नसताना आणि पायाखाली निवडुंग असताना. उद्योगाची नवी वसाहत आखताना नकाशावर सगळ्यात आधी रस्ते आणि प्लॉट पडतात. त्याच वेळी बागेचीही रेघ मारायला काय लागतं, हे बेळगावातून गेलेल्या त्या यंत्ररेखाटनाच्या मास्तरांनी करून दाखवलं आहे.